मागच्या सीटवरचे प्रश्न: लहान पोरं, गाडी आणि दोन-तीन दिवसांची सुट्टी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एकाच प्रकारची पत्रं सुरू होतात. सुट्टी दोन-तीन दिवसांची, गाडी घरची, पोरं लहान आणि कुठे जायचं, किती वाजता निघायचं यावर घरात प्रत्येकाचं मत वेगळं. यंदा इतके मेल आलेत की सगळे घेणं जमणार नाही, म्हणून बाकीच्यांचेही प्रश्न ज्यात येऊन जातील अशी थोडी पत्रं निवडलीत, जरा काटछाट करून. औषधापाण्याचं जिथे आलंय तिथे शेवटचा शब्द तुमच्या मुलांच्या डॉक्टरांचा, हे एकदाच सांगून ठेवते.

प्रश्न: आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. भाऊबीजेनंतर तीन दिवस दापोलीला जायचं ठरतंय, सोबत सासू-सासरे. मिस्टर म्हणतात ताम्हिणीतून पाच तासात पोचू, सासरे म्हणतात रात्री तीनला निघू म्हणजे पोरं झोपेत जातील आणि आठला समुद्रावर चहा. मला या दोन्हीवर विश्वास नाही पण वाईटपणा कोण घेणार. तुम्हीच सांगा. (एक आई, पुणे)

उत्तर: ताई, वाईटपणा मी घेते, त्यासाठीच बसलेय. दापोली या खेपेला राहू द्या, दिवेआगर-श्रीवर्धन करा.

आता का ते सांगते. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, महाड, खेड करत दापोली दोनशे किलोमीटरच्या वर जाते. मॅप पाच-साडेपाच तास दाखवतो ते गाडीचे तास, त्यात दीड वर्षाच्या बाळाचं दूध नाही, चार वर्षांच्या मुलीची 'आत्ताच्या आत्ता' लागलेली शू नाही, सासूबाईंचे गुडघे मोकळे करायला उतरणं नाही, आणि सुट्टीत माणगावच्या बाजारात हायवे कसा तुंबतो ते तर अजिबातच नाही. दर दीड-दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून पंधरा-वीस मिनिटं मोकळं सोडायचंच असतं, त्यामुळे पाच तासांचे सात-आठ होतात, म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि परत येताना तेच. तीन दिवसांतला मधला एकच दिवस हातात राहतो आणि त्या दिवशी पोरं दमून किरकिरी झालेली असतात. दिवेआगर साधारण एकशेसाठ-पासष्ट किलोमीटर आहे, माणगाववरून म्हसळ्याकडे वळलात की हायवेची कटकट संपली. समुद्र तोच, सुपारीच्या बागा तशाच, उकडीचे मोदकही मिळतात, फक्त जिथे उतराल तिथे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐन वेळी मागितले तर खानावळीतल्या काकू हसतात फक्त.

लहान पोरांसोबत माझा हिशोब असा, की सगळ्यात लहान पोराचे दिवसभराचे जागे तास मोजायचे आणि प्रवास त्यातल्या निम्म्यात बसला पाहिजे. नाही बसत तर जागा बदलायची. रस्ता चांगला आहे, गाडी मोठी आहे, एसी आहे, या कशानेही हा हिशोब बदलत नाही.

सासरेबुवांचं तीनला निघणं. आपल्याकडे हे घराघरात आहे, पहाटे निघालं म्हणजे अर्धी लढाई जिंकली असं समजतात, आणि मोठ्या माणसांपुरतं ते खरंही आहे. पण पोरं झोपेत उचलून ठेवली की झोपूनच राहतात हे पहिल्या तासापुरतं, मग मुळशी ओलांडून वळणं सुरू झाली की उठतात, बाहेर मिट्ट काळोख, पोट रिकामं, कुठे आहोत ते कळत नाही, आणि नेमकी तिथेच ओकतात जिथे गाडी बाजूला घ्यायला जागा नसते. त्याहून मोठी गोष्ट ड्रायव्हरची. आदल्या दिवशी ऑफिस, रात्री अकरापर्यंत पॅकिंग, दोन तास झोप आणि मग पहाटे तीन ते पाच, जेव्हा शरीर हमखास झोप मागतं, तेव्हा घाट उतरायचा. हे सासऱ्यांना सांगताना पोरांचं कारण देऊ नका, 'तुमच्या मुलाची झोप होत नाही हो' असं म्हणा, लगेच पटतं.

सहाला उठा, पोरांचं शी-शू-दूध घरीच उरका, सात वाजेपर्यंत चांदणी चौक ओलांडा म्हणजे पिरंगुटची कंपन्यांची गर्दी अंगावर येत नाही. पेट्रोल पिरंगुट-पौडलाच भरून घ्या आणि मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा, घाटात मोबाईलची रेंज येते-जाते. पहिला ब्रेक मुळशीच्या पाण्याजवळ, तिथे घाई करायची नाही, नाश्ता, धावणं, दगड गोळा करणं सगळं तिथे. दीड वर्षाचा अजून सकाळची डुलकी काढत असेल तर ती ताम्हिणी उतरताना पडेल असं बघा, म्हणजे निजामपूर-माणगावला उठेल. तिथे दुसरा ब्रेक, आणि जेवायला मुक्कामी. तीन ब्रेक घेतले तरी चालतील, पण 'आता थोडंच राहिलंय' म्हणून ब्रेक खाऊ नका, शेवटचा तासच सगळ्यात वाईट जातो.

तिथे गेल्यावर एक सांभाळा. हरिहरेश्वराला देवळामागून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट आहे, सुंदर आहे, पण भरतीच्या वेळी लाटा त्या खडकांवर येतात, पोरं कडेवर घेऊन तिथे जायचं नाही, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी. समुद्रात शिरायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा गावातल्या कुणालाही विचारा, सगळ्यांना पाठ असतात.

आणि दापोलीच करायची असेल तर चार दिवस काढा, महाडनंतर मोठ्या रस्त्याने कशेडीच्या बोगद्यातून खेडला जा आणि तिथून वर दापोली. वरंध घाट मात्र गाडी लागणाऱ्या पोरांसाठी नकोच.

प्रश्न: बाळ आठ महिन्यांचं. कार सीट घ्यायची म्हटली तर सासूबाई म्हणतात, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का, मी मांडीवर घेते की. नवराही म्हणतो की शहरापुरतं ठीक आहे, एवढे पैसे कशाला. (नाशिक)

उत्तर: मांडीवर घेतलेलं बाळ हे ब्रेक लागेपर्यंतच सुरक्षित असतं. पन्नासच्या वेगात गाडी कशावर आदळली तर आठ-दहा किलोचं बाळ काहीशे किलोंच्या जोराने पुढे जातं, ते पैलवानाच्या हातात राहणार नाही तर आजीच्या कुठून राहील. आणि आजीने स्वतः बेल्ट लावला नसेल तर तिचं सगळं वजन बाळावर येतं. हे ऐकायला वाईट आहे, पण नवऱ्याला हेच वाक्य सांगा.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कलम १९४ ब आलं, त्यानुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. कुणी अडवत नाही म्हणून लोकांना माहीत नाही एवढंच.

आठ महिन्यांच्या बाळाची सीट उलट्या तोंडाची हवी, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, धक्का बसला तर तो पाठ, मान, डोकं सगळ्याला मिळून सीट झेलते. वर्ष झालं की लगेच सरळ करायची घाई करू नका, सीटच्या पुस्तिकेत वजन-उंचीची जी मर्यादा दिलेली असते तिथपर्यंत उलटीच ठेवा, पाय दुमडलेले दिसतात म्हणून आज्यांना कसंतरी होतं पण पोरांना त्याचं काही नसतं. आणि ही सीट पुढे ड्रायव्हरशेजारी कधीही लावायची नाही, एअरबॅग फुटली तर थेट बाळाच्या डोक्यामागे फुटते. मागे आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या आहेत का ते गाडीच्या सीटच्या फटीत हात घालून बघा, बऱ्याच नव्या गाड्यांत असतात, नसल्या तर बेल्टवाली सीट मिळते. बसवल्यावर बेल्टच्या वाटेजवळ धरून हलवून बघा, बोटभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे.

आता खरा प्रश्न, बाळ त्यात बसेल का. ट्रिपच्या दिवशी पहिल्यांदा बसवलंत तर नाही बसणार, रडून गाडी डोक्यावर घेईल आणि मग सासूबाई जिंकल्या. आठ-दहा दिवस आधी सीट लावा, रोज मंडईपर्यंत, गंगापूर रोडपर्यंत अशा छोट्या फेऱ्या मारा. सासूबाईंना बाळाशेजारची जागा द्या आणि बाळाचं खातं त्यांच्याकडे सोपवा, पाण्याची बाटली, लंगोट-डायपर, खुळखुळा, गाणी सगळं. त्यांना बाळ जवळ हवंय, सीटशी भांडण नाहीये त्यांचं. आणि रडलं तर गाडी थांबवून बाहेर काढायचं, चालू गाडीत 'दोनच मिनिटं' म्हणून नाही.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाला गाडी लागते. कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला जायचंय, आंबा घाटात दरवेळी उलट्या. आमचे काका पेपरवर बसवा म्हणतात, कुणी लिंबू हुंगायला सांगतं, कुणी आलं. मेडिकलवाला उलटीचं सिरप देतो त्याचा उपयोग होत नाही. काय करावं? (कोल्हापूर)

उत्तर: दादा, पेपरवर खुशाल बसवा, उलटी थांबणार नाही पण झालीच तर पेपर कामाला येतो.

गाडी लागते म्हणजे काय, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे पुढच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाईलकडे बघत सांगतात की नाही, स्थिर आहोत. मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळतं. साधारण दोन ते बारा या वयात हे जास्त असतं, पुढे बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं, त्यामुळे 'याला सवय नाही' म्हणून पोराला बोलू नका. उपाय यातूनच निघतो. त्याला पुढच्या काचेतून लांबचा रस्ता दिसला पाहिजे. मागच्या मधल्या जागेवर पूर्ण, तीन ठिकाणी धरणारा बेल्ट असेल तर बूस्टरवर तिथे बसवा, उंची वाढते आणि समोरचं दिसतं. मोबाईल, पुस्तक, चित्रं रंगवणं सगळं बंद, निदान बांबवड्यानंतर तरी. काच थोडी खाली. गाडीत ते डॅशबोर्डवरचं गोडमिट्ट वासाचं परफ्यूम असेल तर काढून डिकीत टाका, निम्मी उलटी त्याचीच असते असं माझं मत आहे.

पोट रिकामं ठेवू नका, ही चूक खूप जण करतात. निघायच्या तासभर आधी हलकं काहीतरी, पोळी-गूळ, मऊ भात, टोस्ट. मिसळ नको, आणि ग्लासभर दूध पाजून लगेच गाडीत घालणं तर नकोच. मलकापूर गेलं की आंबा गावात घाट सुरू व्हायच्या आधी थांबा, दहा मिनिटं चालवा, मग उतरा आणि साखरप्याला पुन्हा थांबा. चालवणाऱ्याने वळणावर ब्रेक मारण्याऐवजी वळणाच्या आधी वेग कमी केला तर फरक लगेच कळतो, पुरुषमंडळींना हे ऐकायला आवडत नाही पण आहे.

औषधाचं म्हणाल तर मेडिकलवाला बहुतेक ओन्डानसेट्रॉन देत असणार. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ते चांगलं, गाडी लागण्यावर फारसं चालत नाही, म्हणून तुम्हाला उपयोग दिसत नाही. गाडी लागण्यावरची औषधं वेगळी असतात, निघायच्या आधी घ्यायची असतात, उलटी सुरू झाल्यावर नाही, आणि त्यातलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही, श्वासाला धोका असतो. तुमचा सहाचा आहे तरी डोस वजनावर ठरतो, डॉक्टरांना विचारून घ्या आणि आधी एकदा घरी देऊन बघा, काही पोरांना झोप येण्याऐवजी उलट उधाण येतं.

लिंबू, आलं यांचा काहींना उपयोग होतो, हुंगायला काहीच हरकत नाही. पण चालत्या गाडीत लहान भावंडांना लिमलेटच्या गोळ्या, फुटाणे, शेंगदाणे देऊ नका. चार-पाच वर्षांखालच्या पोराच्या घशात धक्क्याने अडकलं आणि तुम्ही पुढे बसलेले असलात तर मागे काय झालंय ते कळायलाच वेळ जातो.

उलट्या जास्त झाल्या तर ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात सगळं एकदम कालवून, घोटघोट. पाण्याचा अंदाज नको. आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या.

प्रश्न: डोंबिवलीहून तुळजापूरला कुलदेवीला जायचंय, बाळाचं जावळ आहे, दहा महिन्यांचं झालं. शनिवारी पहाटे निघून दर्शन करून रविवारी रात्री परत, असा बेत आहे. सोबत मोठी मुलगी, सात वर्षांची. जमेल ना? आणि ते फास्टॅगचा वर्षाचा पास काढावा का? (डोंबिवली)

उत्तर: जमेल, पण देवीलाही वाईट वाटेल. जायचे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर आणि यायचे तेवढेच, त्यात रविवारची तुळजापूरची गर्दी आणि रविवार संध्याकाळी मुंबईकडे परतणारं अर्धं पुणे एक्सप्रेसवेवर. बाळाला दोन दिवस फक्त सीटचा पट्टा आठवेल.

एक दिवस रजा टाका आणि मध्ये मुक्काम करा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पुण्याच्या पुढे निघा आणि भिगवणच्या आसपास किंवा थेट सोलापुरात राहा. हिवाळ्यात जात असाल तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो असतात, सात वर्षांच्या मुलीला तुळजापूरपेक्षा तेच आठवणीत राहील, नावेतून पाणी कमी असलेल्या भागापर्यंत नेतात. बाळ मात्र काठावर ठेवा, लाईफ जॅकेट त्याच्या मापाचं नसतं. सोलापूरहून तुळजापूर तासाभराचा रस्ता, सकाळी लवकर निघून दर्शन उरकता येतं. मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा टाळा. कोजागिरीच्या सुमाराला तर रस्ताच पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो, गाडी घेऊन जायचं नावही काढू नका. देऊळ खोलात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे बाबागाडी नेऊन उपयोग नाही, बाळाला अंगाशी बांधायची झोळी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. जावळ दर्शनाच्या आधी करायचं की नंतर ते तुमच्या भटजींना विचारा, मी त्यात पडत नाही, पण बाळाची झोप झाल्यावर करा एवढंच म्हणेन.

पासचं. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा दोनशे ट्रिपा, जे आधी संपेल ते, आणि फक्त खासगी गाड्यांना. तो चालतो राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर, म्हणजे पुणे-सोलापूरला चालेल. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या अखत्यारीतला, तिथे नेहमीसारखेच पैसे कापले जाणार. वर्षातून एकदा कुलदेवी आणि एकदा माहेर एवढंच असेल तर काढू नका. सोलापूर, कोल्हापूर, नाशिक अशा फेऱ्या होत असतील तर वसूल होतो.

आणि एक्सप्रेसवेवर बाळ रडतंय म्हणून कडेला थांबायचं नाही. तिथे थांबायला बंदी तर आहेच, पण मागून डोळा लागलेला ट्रकवाला येतो तो कडेच्याच गाडीवर येतो. फूड मॉल येईपर्यंत गाणी म्हणा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीहून डिसेंबरात येतोय, मुलं तीन आणि पाच. पुण्यात भाड्याची गाडी ड्रायव्हरसकट घेऊन वाई-पाचगणी-महाबळेश्वर करायचं आहे. सीट इथून आणायच्या का? बाकी काय बघू?

उत्तर: आणा, पाच वर्षांच्यासाठी बूस्टर आणि तीनच्यासाठी बेल्टने बसणारी सीट. पण खरी गंमत पुढे आहे. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटला बेल्ट असतात, पण त्याची खाचेची बाजू रेक्झिनच्या सीट कव्हरखाली गाडली गेलेली असते. पट्टा वरून लोंबताना दिसतो, अडकवायला काहीच नाही. बुकिंग करताना 'बेल्ट आहेत का' विचारलंत तर 'आहेत ना सर' असंच उत्तर येणार, म्हणून विचारा की खाच वर काढून ठेवाल का, आणि आदल्या दिवशी फोटो मागवा. ड्रायव्हरदादांना अपमान वाटणार नाही अशा सुरात, पोरांचं नाव पुढे करून. छान असतात ती माणसं, रस्त्यातल्या चांगल्या संडासांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नाही.

आल्याआल्या निघू नका, पोरांची झोप जागेवर यायला तीन-चार दिवस द्या. आणि एका दिवसात तिन्ही ठिकाणं नकोत. वाईत मुक्काम करा. ढोल्या गणपतीसमोरचा कृष्णेचा घाट आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा-घाट पोरांना पळायला महाबळेश्वरच्या पॉइंटांपेक्षा कितीतरी बरे, पॉइंटांवर कठड्याला धरून 'मागे हो, मागे हो' करत दिवस जातो. पाण्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तेवढं बघा. नाताळच्या आठवड्यात पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते, त्या दिवसांत वर जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत.

प्रश्न: खायला काय न्यावं? बाहेरचं देत नाही, पण डबे उघडत बसणंही नको. बाळाला वरचं दूध आहे. (ठाणे)

उत्तर: दशम्या. दुधात भिजवलेल्या, थोडा गूळ घालून, हाताएवढ्या लहान. पोळी वाळून कडक होते, दशमी दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहते, सांडत नाही, हात चिकट होत नाहीत आणि पोराला एकेक हातात दिली की झालं. एकेकाचा वेगळा छोटा डबा करा, मोठा डबा उघडला की गाडीतले सगळेच खातात आणि पोराची वेळ येते तेव्हा झाकण उरतं. दहीभात डिसेंबरात चालेल, एप्रिलमध्ये नको. मेतकूट-भात खाणारं पोर असेल तर नुसतं मेतकुटाचं पुडकं न्या, गरम भात कुठल्याही खानावळीत मिळतो.

दुधाची पावडर डब्यात मोजून कोरडी ठेवा, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, लागेल तेव्हाच कालवा. कालवून ठेवलेलं दोन तासांवर गेलं की टाकून द्या, बाळाने अर्धं पिऊन सोडलेलं तर तासाभरातच. आणि वर्षाखालच्या बाळाला प्रवासात सर्दी झाली म्हणून मध चाटवू नका, कुणीही सांगो.

प्रश्न: नुकताच पॉटीला बसायला शिकलाय. गाडीत पुन्हा डायपर घालू का? (पनवेल)

उत्तर: घाला, प्रवासापुरता. काही विसरत नाही तो, फक्त आधी सांगून घाला की हा गाडीचा आहे. थांबलात की पॉटीवर बसवायचंच, लागली असो-नसो. घरचीच प्लास्टिकची पॉटी डिकीत अगदी हाताशी ठेवा, सामानाखाली नाही. पेट्रोल पंप बघून थांबा, हवा-पाणी-संडास एकाच ठिकाणी होतं, आणि जिथे ट्रक नाही तर कुटुंबाच्या गाड्या थांबलेल्या दिसतात तो पंप सहसा बरा असतो. एक मग आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन आपला आपला.

थांबल्यावर 'झोपलाय तर असू दे गाडीत, काच थोडी खाली ठेव' हे मात्र कधीही नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं आणि काचेची फट ठेवून काही फरक पडत नाही. एकाने गाडीत बसायचं किंवा पोराला घेऊन उतरायचं.

प्रश्न: मोबाईल न देता नागपूर ते पेंच दोन तास कसे काढायचे? पोरं चार आणि सात. (नागपूर)

उत्तर: दोनच तास आहेत हो, निघाल्यापासून विचार करायला लागलात तर तेवढ्यात पोचालसुद्धा. मोबाईलला माझा विरोध नाही, सरळ रस्ता आहे, गाडी लागत नाही, तर शेवटच्या अर्ध्या तासाला द्या, पहिल्याच अर्ध्या तासाला दिलात तर पुढे काढून घेताना रडारड होते.

पण तुमच्या रस्त्यावर तर करमणूक फुकट आहे. नागपूर-जबलपूर हायवे पेंचच्या जंगलातून जातो तिथे तो खांबांवर उचललाय, खालून वाघ, बिबटे, नीलगाई, रानडुकरं यांना ये-जा करायला मोठे भुयारी मार्ग ठेवलेत आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेलेत. पोरांना निघायच्या आधी हे सांगून ठेवा की आपण वरून जाऊ तेव्हा खालून कोण जात असेल. सात वर्षांचं पोर मोजायला बसेल, चार वर्षांचं प्रत्येक पुलाला 'हाच का' विचारेल. ती 'हाच का'ची रेकॉर्ड ऐकत गाडी चालवायची ताकद मात्र हवी. मध्ये गाडी थांबवून वाकून बघायला उतरू नका, हायवे आहे तो.

बाकी भेंड्या आहेत, लाल परी आधी कुणाला दिसते ते आहे, ट्रकच्या मागचं वाचणं आहे. सात वर्षांच्याला वाचता येतं, तर ते मोठ्याने वाचायला लावा, फक्त काय काय लिहिलेलं असतं ते लक्षात घेऊन आधी आपण वाचा.

प्रश्न: गाडीत मागच्या ट्रिपला दूध सांडलं, वास जात नाही. (सांगली)

उत्तर: खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्युम करा, दोन-तीनदा करावं लागेल. सीटच्या फोममध्ये गेलं असेल तर वरवर पुसून काही होत नाही, कव्हर काढून उन्हात दारं उघडी ठेवून वाळवा. परफ्यूम मारू नका, मग दूध आणि परफ्यूम दोन्हीचा मिळून येतो. पुढच्या वेळी सीटखाली जुनी दुपटी पसरा, ओली झाली की काढून पिशवीत.